उसनी फुंक

मंत्र्यांकडचा चहा पिऊन आक्का परत आल्या आणि आधी त्यांनी दाराला कडी घातली. आमदार निवासातल्या त्या खोलीला कडी आहे हे मला तेव्हा कळलं. तीन अधिवेशनं आम्ही तिथं काढली, पण दार कायम सताड उघडं. विरोधी पक्षनेत्याचं दार बंद दिसलं की लोकांना वाटतं आत काहीतरी ठरतंय, असं आक्का म्हणायच्या.

"नंदे," त्या म्हणाल्या, "माझ्याशिवाय आणखी कुणाकुणासाठी फुंकलीस तू?"

मी त्यांचं दुपारचं भाषण टाइप करत होते. बोटं तिथंच थांबली.

"का विचारताय?"

"नंदे."

"बेचाळीस जणींसाठी," मी म्हटलं.

आक्का पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांना दमा आहे, त्यामुळं बसल्यावर पहिली दोन मिनिटं त्या कुणाशीच बोलत नाहीत. हे त्यांच्या मतदारांना माहीत नव्हतं. सरकारलाही माहीत नव्हतं, निदान आम्ही तसं समजत होतो.

"म्हणजे सातपुते खोटं बोलत नव्हता," शेवटी त्या म्हणाल्या. "चव्वेचाळीस म्हणाला. तू, मी आणि बेचाळीस."

आता फुंकणीबद्दल सांगायला हवं.

तिचं सरकारी नाव बरंच लांब आहे. रेवाळ्यात, म्हणजे आमच्या यंत्रमागाच्या गावात, बायकांनी पहिल्याच दिवशी तिला फुंकणी म्हटलं, कारण ती दिसते तशीच. वीतभर नळी, एका टोकाला तोंड लावायचं, दुसरं टोक डब्यात. बारा सेकंद सलग फुंकायचं. आपलं रक्त फुप्फुसात येतं तेव्हा नुसती हवा घेऊन जात नाही. अंगात जे काही चाललंय त्याचे बारीक बारीक वास श्वासात सोडून जातं. साखर फार वाढली की तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, हे जुन्या वैद्यांनाही ठाऊक होतं. असे शेकडो वायू असतात, आपल्या नाकाला न कळणारे. डब्यातल्या पट्टीवर त्यांतल्या प्रत्येकासाठी एकेक ठिपका असतो. यंत्राला आधी लाखो लोकांचे श्वास आणि पुढं त्या लोकांचं काय झालं हे शिकवलेलं. त्यावरून ते सांगतं की या माणसाला येत्या तीन महिन्यांत दवाखान्यात झोपावं लागण्याची शक्यता शंभरात किती. तो तुमचा अंक.

मी दहावी नापास. वीस वर्षांपूर्वी मागावर सुताच्या कांड्या भरायचं सोडलं आणि आक्कांच्या कार्यालयात आले. आक्कांना सभागृहात बोलायचं तर आधी कुणीतरी वाचायला हवं, म्हणून मी वाचते. फुंकणीची सगळी पुस्तिका मी दोनदा वाचली. त्यात एक पान मी वाचून सोडून दिलं होतं, ते पुढं येईल.

कल्पना वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. जिथं अंक जास्त तिथं खाटा, डॉक्टर, रुग्णवाहिका आधीच पाठवायच्या. पहिल्या वर्षी खरंच माणसं वाचली. आक्कांनी ते सभागृहात कबूल केलं आणि त्याबद्दल स्वतःच्या पक्षाच्या शिव्या खाल्ल्या.

घोळ दुसऱ्या वर्षी झाला. सरकारनं कारखान्यांसाठी योजना काढली. ज्या शेडमधल्या कामगारांचा सरासरी अंक कमी, त्या शेडला विजेत सवलत. निरोगी कामगार, वेगवान अर्थव्यवस्था, अशी पाटी चौकाचौकात लागली. यंत्रमागवाल्याला विजेची सवलत म्हणजे काय, ते मागवाल्यालाच विचारा. पोरीच्या लग्नापेक्षा जास्त तो बिलाचा विचार करतो. महिनाभरात प्रत्येक शेडच्या दारात मुकादम उभा राहून बायकांचा मोबाइल बघायला लागला. अंक दाखवायची सक्ती नव्हती. आत घ्यायचीही सक्ती नव्हती. चाळिसाच्या वरचा अंक दिसला की, "बाई, तब्येत सांभाळा, पुढच्या महिन्यात बघू."

माझी धाकटी बहीण विमल सव्वीस वर्षं मागावर आहे. तिचा अंक आला अठ्ठावन्न.

आता पडद्याचं. बारा सेकंद फुंकायचं म्हणजे गाल फुगतात, डोळे बाहेर येतात, कवळी निसटते, आणखीही काही काही होतं. रांगेतले पुरुष हसायचे. आक्कांनी त्यावर मोर्चा काढला. बायकांसाठी तपासणी केंद्रात पडदा हवा, आणि पडद्याआड मदतीला एक बाई हवी. सरकारनं दोन्ही मान्य केलं. तीनशे बायका नाचल्या त्या दिवशी. पडद्याचं कापड आमच्याच गल्लीतल्या मागावर विणलं गेलं, पिवळं, बारीक फुलांचं. अंगठा बाहेर टेबलावर द्यायचा, मग नळी घेऊन पडद्याआड जायचं. आणि मदतीची बाई म्हणून आक्कांनी नेमली मला.

केंद्र रविवारी चालायचं, प्रत्येकीची पाळी महिन्यातून एकदा; पहिल्याच रविवारी विमल पडद्याआड आली. नळी हातात धरून नुसती उभी राहिली. मी तिच्या हातातून नळी घेतली आणि फुंकले. माझी छाती वीस वर्षं सुताच्या धुरळ्यापासून लांब. अंक आला एकोणीस.

आमच्या गल्लीत विरजण एकाच घरातून जातं. ज्याचं दही चांगलं लागतं त्याच्या दारात सगळी गल्ली वाटी घेऊन येते, आणि वाटी घेऊन आलेल्या बाईला नाही म्हणायची रीत नाही. पुढच्या महिन्यात शेजारची तायव्वा आली. मग तिची सून. मग सुनेची मावशी. नळी पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "नंदाक्का, एवढी एक फुंक उसनी दे."

आक्कांचं मात्र वेगळं. निवडणूक तोंडावर होती, आमदारांचे अंक जाहीर व्हायचे होते. त्यांची नळी घरी आली. त्या म्हणाल्या, "एवढी वेळ तू फुंक गं, माझी आत्ता छाती भरलीय." ती एवढी वेळ दोन वर्षं चालली.

ज्यांचं काम गेलं त्यांनी फुंकायलाच यायचं सोडलं, उरलेल्यांत माझा एकोणीस, आणि रेवाळं राज्यातलं सर्वांत निरोगी गाव ठरलं. आम्हाला ढाल मिळाली. ढाल नगरपालिकेत लागली आणि शंभर खाटांच्या रुग्णालयातला क्ष-किरणवाला दुसऱ्या तालुक्यात गेला. मग छातीच्या डॉक्टर गेल्या. मग खाटा चाळीस झाल्या. पाच महिन्यांत गावात एकतीस माणसं गेली, त्यातल्या चौघांबद्दलच यंत्रानं आधी सांगितलं होतं. आता पुढच्या एक तारखेपासून रुग्णालय बंद होऊन तिथं गोळ्या द्यायची खिडकी राहणार होती. दुपारी दोन वाजता आक्का त्यावर सरकारला धरणार होत्या. मी मोठ्या जोशात लिहिलं होतं, 'यंत्र चुकतं, मंत्रिमहोदय!'

यंत्र चुकत नव्हतं. मी त्याला चुकवत होते. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण दर रविवारी पडद्याआड एकेक चेहरा यायचा, आणि चेहऱ्यापुढं रुग्णालय फार लांबचं वाटतं.

"काय म्हणाले सातपुते?" मी विचारलं. विश्वंभर सातपुते म्हणजे आरोग्यमंत्री. गोड माणूस. विरोधकाच्या घरी बारसं असलं तरी झबलं पाठवणार.

"बिस्किटं चांगली होती," आक्का म्हणाल्या. "मग म्हणाला, ताई, माणसाच्या श्वासाला ठसा असतो. अंगठ्यासारखा. अंक वरखाली होईल, ठसा तोच. आणि आमच्याकडं चव्वेचाळीस जणांचा ठसा एकच आहे. त्यात तुम्ही आहात."

हेच ते पान. एकोणसत्तरावं. वाचलं होतं आणि मिटलं होतं.

"रेवाळ्याचा विषय काढला तर तो यादी वाचणार. चव्वेचाळीस जणींचे अंक रद्द, वर गुन्हा. अंक नाही म्हणजे कुठल्याच शेडमध्ये काम नाही. आणि मी नुसतं अर्थसंकल्पावर बोलले, महागाईवर, रस्त्यांवर, तर फाइल त्याच्या कपाटात झोपणार."

"आणि रुग्णालय?"

"ते एक तारखेला बंद." त्या खिडकीकडं बघत राहिल्या. "बोलले तर बायका मेल्या, गप्प बसले तर बायका मेल्या. पडदा मी लावला, नंदे. मोर्चा काढून लावला."

"त्यांना कधी कळलं ठशाचं?"

"सहा महिने झाले म्हणाला. सहज बोलून गेला."

मी बोटांवर मोजलं. सहा महिने. क्ष-किरणवाला गेला त्याच्या आधी. म्हणजे आमचे अंक खोटे आहेत हे ठाऊक असताना त्याच अंकांवर खाटा हलवल्या. खोटा अंक सरकारलाही उसना हवाच होता; कमी अंक म्हणजे कमी खर्च, आणि वर ढाल.

"विमलला फोन कर," आक्का म्हणाल्या. "तिच्याशी बोलल्याशिवाय मी काही ठरवणार नाही. तिचं नाव यादीत तिसरं आहे."

विमलनं शेडमधून फोन उचलला. मागे खडखडाट इतका की ती ओरडूनच बोलत होती. मी सगळं सांगितलं.

"न्हाई," ती म्हणाली.

"विमे, ऐक तरी. दवाखाना राहिला तर छातीच्या डॉक्टर परत येतील. तू रात्री उशीला टेकून बसून झोपतीस, मला ठाऊक नाही होय?"

"आणि काम गेल्यावर डॉक्टर मला जेवायला घालतीली काय? स्वातीचं नर्सिंगचं शेवटचं वरीस हाय. ते व्हऊ दे, मग मरतो निवांत."

"असं बोलू नको."

"मग कसं बोलू? आक्काला सांग, माझं नाव घ्यायचं न्हाई. तिचं काय, तिला पेन्शन हाय." खोकला आला. तिनं फोन लांब धरला, पण मागाच्या आवाजातूनही तो ऐकू आला. मग ती जरा हळू बोलली. "ताई, मी एकदाच आलो होतो तुझ्याकडं. एकदाच. पुढच्या महिन्यात मी म्हटलं हुतं, आता माझं मीच फुंकतो, जे यायचं ते येऊ दे. तू नळी हिसकून घेतलीस."

"तुझ्यासाठीच ना गं."

"व्हय. माझ्यासाठीच. पण तुला बरं वाटायचं, ताई. सगळी गल्ली तुझ्या दारात." मुकादमाची हाक ऐकू आली. "ठेवतो. कांडी संपलीया."

आक्कांनी विचारलं नाही. माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार.

"नको म्हणतीय," मी म्हटलं.

"तिचं बरोबर आहे."

"तुमचंही बरोबर आहे."

"हेच तर," आक्का म्हणाल्या आणि पंप तोंडात धरून दोनदा दाबला. बघायला कुणी नव्हतं, तरी सवयीनं पदराआड. पंप ठेवता ठेवता त्यांचा हात थांबला. "नंदे, यादी त्याच्याकडं आहे. मी कशाला वाचू?"

"म्हणजे?"

"माझं नाव माझं आहे. ते मी वाचू शकते." त्यांनी माझ्याकडं बघितलं. पुढचं त्यांना विचारवेना.

"माझंही घ्या," मी म्हटलं. "टाइप मीच करते. तुम्ही आडनाव चुकवता."

दोन वाजता मी अधिकाऱ्यांच्या सज्जात बसले. आक्का उभ्या राहिल्या. सातपुते समोरच्या बाकावर, पुढ्यात निळी फाइल. तिच्यावर त्यांनी तळहात ठेवला होता, मांजरावर ठेवतात तसा.

"अध्यक्ष महोदय," आक्का म्हणाल्या, "मी गेली दोन वर्षं खोटी निरोगी आहे."

सभागृह हसलं. आमची माणसंही हसली, त्यांना वाटलं आक्कांची नेहमीची सुरुवात.

"माझा अंक एकोणीस. तो माझा नाही. मला दमा आहे. तो अंक माझ्या सहायक नंदा कोष्टी यांच्या छातीचा आहे. त्या वर बसल्यात."

दोनशे माना वर वळल्या. मला उगीचच पदर सारखा करावासा वाटला.

"मी गुन्हा केला. त्यांनीही केला. काय कारवाई करायची ती करा. माझा प्रश्न एवढाच. मंत्र्यांच्या पुढ्यात एक फाइल आहे. असा एकच श्वास आणखी बेचाळीस नावांवर आहे, हे त्यांना सहा महिन्यांपूर्वी कळलं. ती नावं मी वाचणार नाही. त्यांनी वाचावीत. फक्त प्रत्येक नावाबरोबर सांगावं, हा अंक खोटा आहे हे कळल्यानंतर रेवाळ्यातल्या किती खाटा हलवल्या. एक नाव, मग खाटा. दुसरं नाव, मग खाटा. मी बसते. मला फार वेळ उभं राहवत नाही, आता सांगायला हरकत नाही."

त्या बसल्या.

सातपुते उठले. फाइल हातात घेतली. उघडली. मी सज्जाचा कठडा धरला होता. यादीत तिसरं नाव. तो वाचेल, आणि खडखडाटात माग चालवणाऱ्या माझ्या बहिणीला ते मुकादमाच्या मोबाइलवरून कळेल.

त्यांनी पहिलं पान बघितलं. आक्कांकडं बघितलं. आमच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "वाचा की! सहा महिने पाठ केलंय!" मग दोन्हीकडून इतका गोंधळ झाला की अध्यक्षांनी कामकाज तासभर थांबवलं. तासानं मंत्री आले तेव्हा हातात फाइल नव्हती, चिठ्ठी होती. रेवाळ्याच्या रुग्णालयाचा निर्णय स्थगित. संपूर्ण गावाची फेरतपासणी. महिन्याच्या आत. पडद्याशिवाय.

शेवटचा शब्द त्यांनी गोड आवाजात म्हटला.

आठवड्यानं आक्कांच्या पक्षानं त्यांचा विरोधी पक्षनेतेपदाचा राजीनामा घेतला. प्रकृतीच्या कारणास्तव. राजकारणात ते कारण मी शंभर वेळा टाइप केलं असेल, पण खरं असलेलं पहिल्यांदाच. माझ्यावर गुन्हा नोंदला, जामीन झाला, आणि केंद्राचा उंबरा ओलांडायला बंदी आली. गल्लीत कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. फक्त वाटी घेऊन यायचं सगळ्यांनी थांबवलं.

फेरतपासणीच्या दिवशी मी खिडकीच्या बाहेर उभी होते. बाहेर उभं राहायला बंदी नव्हती. आत पडद्याची दांडी तेवढी राहिली होती. रांगेत बायका आणि पुरुष एकत्र, पण या वेळी कुणी हसत नव्हतं. तायव्वानं फुंकलं, कवळी हातात आली, तिनं ती तशीच परत बसवली. अंक सदुसष्ट. ती निघून गेली. माझ्या समोरूनच गेली.

मग विमल. अंगठा दिला. नळी घेतली. खिडकीकडं तिनं बघितलं नाही.

पहिल्यांदा पाच सेकंदांवर दम तुटला. यंत्र वाजलं.

"मावशी, परत," टेबलावरची मुलगी म्हणाली.

दुसऱ्यांदा आठ. खोकला आला तो थांबेचना. पाणी दिलं कुणीतरी.

"सलग बारा लागतील हो मावशी. नाहीतर अंकच पडत नाही."

विमलनं नळी पुन्हा ओठांना लावली. मी गजांना धरून उभी होते. मला काही कळायच्या आत माझी छाती भरून आली होती आणि गाल फुगले होते.

"ओ, खिडकीतल्या बाई!" मुलगी ओरडली. "तोंड मिटा आधी. यंत्र तुम्हाला ओळखतं."

विमलनं वळून बघितलं. माझे फुगलेले गाल बघितले. महिनाभरात ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता पुन्हा खोकली. "असू दे वो," ती मुलीला म्हणाली, "तिला सवय हाय." मग तिनं डोळे मिटले आणि फुंकलं. नऊ. दहा. मान थरथरत होती. अकरा. बारा.

एक्याऐंशी.

मुलीनं चिठ्ठी छापून दिली. रुग्णालय, छाती विभाग, खाट क्रमांक चौदा, आजच. विमल बाहेर आली, चिठ्ठी माझ्या हातात दिली. तेवढ्यात तिच्या कमरेला खोचलेला मोबाइल थरथरला. तिनं तो काढलाच नाही.

"मुकादम असंल," ती म्हणाली. "किती घाई. अजून शाईबी वाळली न्हाई."

"स्वातीचं मी बघते," मी म्हटलं.

"बघणारच तू. न बघून सांगतीस कुणाला?" तिनं पदरानं कपाळ पुसलं. "चल. खाट तरी बघू, चौदा कुठल्या बाजूला येती."

रुग्णालय समोरच. त्याला अकरा पायऱ्या. चौथीवर ती थांबली, कठडा धरला, तोंड उघडून हवा ओढत राहिली. मी एक पायरी खाली उभी होते. हात पुढं केला नाही. तिचा श्वास परत येईपर्यंत मी माझा धरून ठेवला.